दार बंद असेल तर ते प्रवेशपत्रातच सांगा

प्रति,
एरोस्पेस अभियांत्रिकीसाठी परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या निवड समित्यांचे सदस्य
आणि त्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणारे विभागप्रमुख यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकीच एका समितीच्या शिष्यवृत्तीवर मी दोन वर्षं परदेशात एरोस्पेस शिकले. फी, विमा, प्रवासखर्च, दरमहाचं विद्यावेतन, कशालाही एका दिवसाचा उशीर झाला नाही. तुम्ही पाठीशी नसता तर विंड टनेल, म्हणजे कृत्रिम वारा सोडून विमानाचे भाग तपासायचा बोगदा, मी फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला असता. पुढे जे लिहिणार आहे ते तक्रारीसारखं वाटेल, म्हणून हे ऋण आधी नोंदवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका विद्यापीठाचं गाऱ्हाणं नाही. माझ्यासारखे शिष्यवृत्तीवर शिकलेले जे जे भेटले, त्यांतल्या बहुतेकांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं.

पहिल्या आठवड्यात आम्हा नव्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तळघरातल्या लांब बोळाच्या टोकाला शॉक टनेलची, म्हणजे ध्वनीच्या कितीतरी पट वेगाचा प्रवाह क्षणभर निर्माण करणाऱ्या यंत्राची, खोली होती. दाराशी जमिनीवर पिवळी पट्टी. पुढचे एकेक जण ओळखपत्र टेकवत होते, हिरवा दिवा लागत होता. माझं टेकवलं, लाल लागला. मला वाटलं कार्ड नवीन आहे, चालू झालं नसेल. पुन्हा टेकवलं. प्रयोगशाळेचे प्रमुख हातातला कागद बघून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तिघं इथेच थांबा." आम्ही तिघं तीन वेगळ्या देशांचे. बाकीचे आत गेले, दार लागलं, आणि आम्ही वीसेक मिनिटं एकमेकांकडे न बघता भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरची सूचना वाचत उभे राहिलो. मध्येच आतून धप्प असा आवाज आला आणि तो कानांपेक्षा पायांना जास्त जाणवला. उच्च दाबाची नळी आणि कमी दाबाची नळी यांच्यामधला पडदा फुटला होता. शॉक टनेलमधला प्रयोग त्यानंतर काही मिलिसेकंदांत संपतो. त्या काही मिलिसेकंदांसाठी मी आले होते.

हे मी रंगवून सांगत नाही. तुमच्याकडे माझा अर्ज असेल, काढून बघा. उद्देशपत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की ध्वनीच्या पाचपट आणि त्याहून जास्त वेगात सीमास्तर (पृष्ठभागाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर) शांत प्रवाहातून खवळलेल्या प्रवाहात कसा जातो, याचा अभ्यास मला करायचा आहे. मुलाखतीत तुम्ही त्याच विषयावर वीस मिनिटं प्रश्न विचारलेत. विभागाने तोच विषय वाचून प्रवेश दिला. माझं राष्ट्रीयत्व अर्जाच्या पहिल्या पानावर, नावाखालच्या ओळीत होतं. हा विषय या नागरिकत्वाच्या विद्यार्थ्याला तिथे करता येणार नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, की आलं आणि सांगायचं राहिलं, ते मला आजही कळलेलं नाही.

कायद्याशी माझं भांडण नाही. उपग्रह कक्षेत नेणारं रॉकेट आणि स्फोटकं वाहून नेणारं क्षेपणास्त्र यांच्यात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फारसा फरक नाही. इंजिन तसंच, दिशादर्शनही तसंच. म्हणूनच १९८७ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गट स्थापन झाला. ५०० किलो वजन ३०० किलोमीटरपर्यंत नेऊ शकणाऱ्या प्रणाली त्याच्या सर्वांत कडक यादीत येतात. अमेरिकेत शस्त्र म्हणून गणल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानासाठी आयटार हे नियम आहेत, आणि नागरी व लष्करी दोन्हीकडे वापरता येईल अशा तंत्रज्ञानासाठी वेगळे निर्यात नियम आहेत. या नियमांत एक संकल्पना आहे जी नव्या विद्यार्थ्याच्या डोक्यात चटकन शिरत नाही: डीम्ड एक्सपोर्ट. वस्तू देशाबाहेर जायला लागतच नाही. नियंत्रित तांत्रिक माहिती त्याच देशातल्या, त्याच खोलीतल्या परदेशी नागरिकाला दाखवली तरी ती त्याच्या देशाला निर्यात केली असं धरलं जातं. म्हणजे आरेखन माझ्यासमोर टेबलावर उलगडणं हीसुद्धा निर्यात. तिथे कायमचं वास्तव्य मिळालेल्या माणसाला हे लागू होत नाही, विद्यार्थी व्हिसावरच्याला होतं. दाराशी उभ्या त्या प्रमुखांनी मला आत सोडलं असतं तर गुन्हा त्यांच्यावर आला असता. ते बरोबर वागले. चूक त्यांच्या दाराशी झाली नाही, त्याआधी वर्षभर झाली.

ब्रिटनची पद्धत काय आहे पाहा. तिथे २००७ पासून एटास नावाची योजना आहे. ठरावीक संवेदनशील विषयांत पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन करू पाहणाऱ्या बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसाच्या आधी सरकारकडून मंजुरीपत्र घ्यावं लागतं, आणि संशोधनाचा विषय बदलला तर पुन्हा अर्ज करावा लागतो. या योजनेबद्दलही तक्रारी पुष्कळ ऐकल्या आहेत: काही देशांना सूट, काहींना नाही, उत्तराला लागणारे आठवडे. तरी एक गोष्ट मला तिथे माणुसकीची वाटते. नकार यायचा असेल तर तो माणूस आपल्या घरी असताना येतो. दुसरं विद्यापीठ, दुसरा विषय, दुसरा देश बघायला त्याच्या हातात वेळ असतो. मला नकार मिळाला तेव्हा माझं सामान अजून खोक्यांत होतं आणि शिष्यवृत्तीच्या २४ महिन्यांतला पहिला सुरू झाला होता.

त्या महिन्यांबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण खरी इजा तिथे झाली. विभागाने माझ्यासाठी परवान्याचा अर्ज करतो म्हणून सांगितलं. कागद निर्यात-नियंत्रण कार्यालयात गेले. "वाट बघा," असं मला सांगण्यात आलं. मी अकरा आठवडे वाट बघितली. त्या काळात मला शॉक टनेलचं मोजमाप बघता येत नव्हतं, गटाच्या साप्ताहिक बैठकीत पहिला अर्धा तास बाहेर बसावं लागायचं, आणि मार्गदर्शकांनी पाठवलेल्या प्रत्येक फाइलआधी त्यांनाच विचार करावा लागायचा की ही हिला पाठवता येते का. चांगला माणूस होता तो. पण आठवड्यातून चारदा असा विचार करावा लागला की चांगल्या माणसालाही कंटाळा येतो, आणि तो कंटाळा समोरच्याला दिसतो. बाराव्या आठवड्यात उत्तर आलं की परवाना कधी मिळेल सांगता येत नाही, विषय बदललेला बरा. मी बदलला. तुमच्या नियमावलीत मात्र या अकरा आठवड्यांना जागा नव्हती. २४ महिने म्हणजे २४ महिने. प्रबंधाचे शेवटचे तीन महिने मी विद्यावेतनाशिवाय काढले. कसे काढले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, इतकं बारीक सगळं आम्ही आधी कसं सांगणार. पण तुम्हाला सांगता येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची अट तुम्ही किती स्पष्ट लिहिता! ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत किमान दोन वर्षांसाठी परतण्याची अट आहे. फुलब्राइटवर अमेरिकेत जाणाऱ्यांनाही मायदेशातल्या दोन वर्षांचा नियम आधीच समजावून दिला जातो. असं कलम ठळक अक्षरांत असतं, त्याखाली वेगळी सही असते, गोंधळाला जागा नसते. आम्ही ते वाचतो, घरच्यांशी बोलतो, मान्य असेल तर सही करतो. शिक्षण झाल्यावर मी काय करायचं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणाऱ्यांनी शिक्षण चालू असताना मला काय करता येणार नाही, हेही सांगावं एवढंच म्हणते.

स्वागताच्या कार्यक्रमात पडद्यावर कल्पना चावला यांचा फोटो होता. परदेशातून आलेली एरोस्पेसची विद्यार्थिनी अंतराळात गेली, हे बघून माझ्यासारखीचा ऊर भरून येणार नाही तर कुणाचा? त्यांनी १९८४ मध्ये टेक्सासमधून पदव्युत्तर पदवी घेतली, १९८८ मध्ये कोलोरॅडोतून डॉक्टरेट. पण त्या फोटोखाली आणखी एक साल असायला हवं होतं: १९९१. त्या वर्षी त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. नासाच्या अंतराळवीरासाठी नागरिकत्व ही पहिलीच अट आहे, आणि त्यांची निवड झाली १९९४ मध्ये. त्या मधल्या वाटेबद्दल कार्यक्रमात एक शब्दही निघाला नाही. समोर बसलेल्या चाळीस जणांतल्या निम्म्या जणांना ती वाट माहीत असणं गरजेचं होतं.

नोकऱ्यांचंही तसंच. विभागाच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर कंपन्यांची बोधचिन्हं ओळीने छापलेली असतात: आमचे विद्यार्थी इथे काम करतात. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी काही कंपन्या भरतीच्या दिवशी आल्या. मी इस्त्री केलेला शर्ट घालून चाळीस मिनिटं रांगेत उभी राहिले. टेबलामागच्या बाईंनी नाव विचारलं आणि दुसरा प्रश्न नागरिकत्वाचा विचारला. माझा कागद त्यांनी अदबीने परत दिला, घडी न घालता. रागवावं असं त्यांनी काही केलं नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या अभियंत्याला बारा महिने आणि वर आणखी चोवीस महिने काम करायची कायदेशीर मुभा आहे, पण ज्या कंपनीचं बहुतेक काम आयटारखाली येतं ती त्या मुभेचं काय करणार? युरोपीय अंतराळ संस्थेतल्या जागाही प्रामुख्याने सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एवढंच करा: ज्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत परदेशी पदवीधर घेतले, त्यांच्यासमोर एक खूण. ते पान छोटं होईल, पण खरं होईल.

आता विभागप्रमुखांसाठी वेगळं लिहिते, कारण यातला बराच भाग सरकारच्या हातात नसून तुमच्या हातात आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एनएसडीडी-१८९ हा निर्देश काढला. त्याचं तत्त्व असं की जे मूलभूत संशोधन सर्वांसाठी प्रसिद्ध होणार आहे, त्याच्या निष्कर्षांवर शक्य तोवर बंधनं घालायची नाहीत. निर्यात नियमांतही त्याला जागा आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नेहमी शिकवलं जाणारं विज्ञान-अभियांत्रिकी यातून मोकळं, आणि खुलेपणाने प्रसिद्ध करायचं मूलभूत संशोधनही मोकळं. ही मोकळीक जाते कशाने? प्रायोजकाशी करार करताना तुम्ही जेव्हा "प्रसिद्ध करण्याआधी आमची परवानगी" किंवा "फक्त देशी नागरिक काम करतील" असं कलम मान्य करता, तेव्हा. मग काल खुला असलेला प्रकल्प आज बंद होतो, यंत्र तेच असलं तरी. प्रायोजकाचा पैसा नाकारा असं मी म्हणत नाही, त्या पैशावर किती जणांचं पोट आणि किती यंत्रं चालतात ते मी पाहिलंय. पण ज्या वर्षी असा करार सही कराल, त्या वर्षीच्या प्रवेशपत्रांत त्याची नोंद पडली पाहिजे. आणि दर वर्षी निदान काही विषय शेवटपर्यंत खुले राहतील अशी तजवीज हवी, ते विषय कोणते हे आम्हाला आधी कळायला हवं.

खुला विषय म्हणजे उरलासुरला विषय, असा समज विभागांमध्येच आहे, आणि तो सुरुवातीला माझाही होता. शॉक टनेल गेल्यावर मला मिळाला तो तळमजल्यावरचा जुना कमी वेगाचा विंड टनेल आणि एक बारीक पंख. अभ्यास करायचा तो अगदी कमी रेनॉल्ड्स क्रमांकावरचा (वेग, आकार, हवेची घनता आणि चिकटपणा यांवरून निघणारा आकडा), साठ हजारांच्या आसपास: पक्षी, लहान ड्रोन उडतात तो पट्टा. इथे हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो, थोडं अंतर गेल्यावर खवळतो आणि पुन्हा पंखाला येऊन चिकटतो. मधे जी बंदिस्त पोकळी राहते तिला बुडबुडा म्हणतात, आणि पंख किती उचलेल, किती ओढ सोसेल हे त्या बुडबुड्यावर ठरतं. तो दिसत नाही. दिसावा म्हणून पंखावर तेल फासायचं, त्यात चमकणारा रंग मिसळलेला, दिवे मालवायचे, अतिनील दिवा लावायचा आणि पंखा सुरू करायचा. पहिल्या पंधरा रात्री काहीच नीट आलं नाही. तेल कधी घट्ट, कधी पातळ, ओघळच ओघळ. सोळाव्या रात्री, पहाटे दोनच्या सुमाराला, काळोखात हिरवी रेघ उमटली. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, करवतीने कापल्यासारखी. तिच्या अलीकडे तेल वाहत होतं, तिच्याशी येऊन थबकत होतं. मी पंखा बंद करायचं विसरून तिच्यासमोर बसून राहिले.

त्या कामासाठी मला कुणाची परवानगी लागली नाही. गणितासाठी एक्सफॉइल हा संगणक-प्रोग्राम वापरला, जो मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये एमआयटीत लिहिला आणि आज कुणीही मोफत घेऊ शकतो. मोठ्या गणनांसाठी ओपनफोम आणि एसयू२, दोन्ही खुले. शेजारच्या टेबलावरच्या देशी विद्यार्थ्याकडे नासाचा फन३डी हा तसाच प्रोग्राम होता, तो परदेशी नागरिकांना मिळत नाही. पण माझ्या प्रश्नाला तो लागतही नव्हता. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर इन्जेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर उडालं. तिथल्या हवेची घनता पृथ्वीच्या सुमारे एक टक्का असल्यामुळे त्याची पाती अशाच कमी रेनॉल्ड्स क्रमांकाच्या पट्ट्यात फिरत होती. त्या दिवशी मला मनापासून वाटलं की पहिल्या दिवसापासून या टेबलाशी बसले असते तर? कुणी फक्त म्हटलं असतं, "तो विषय तुला मिळणार नाही, पण हा बघ," तर अकरा आठवडे, ते तीन महिने आणि त्या बोळातला लाल दिवा, सगळं टळलं असतं.

जुनं एक उदाहरण मनातून जात नाही. च्यान श्वेसेन १९३५ मध्ये चीनमधून बॉक्सर नुकसानभरपाईच्या (बॉक्सर उठावानंतर चीनने अमेरिकेला दिलेल्या पैशाच्या) निधीतल्या शिष्यवृत्तीवर एमआयटीत आले. पुढे कॅलटेकमध्ये थिओडोर फॉन कारमान यांच्या हाताखाली १९३९ मध्ये डॉक्टरेट, जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या पायाभरणीत वाटा, युद्धाच्या काळात गोपनीय कामापर्यंत प्रवेश. १९५० मध्ये संशयावरून तो प्रवेश काढून घेतला गेला. पाच वर्षं त्यांना धड काम करता आलं नाही आणि देशही सोडता आला नाही. १९५५ मध्ये ते चीनला परतले आणि त्या देशाचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. निर्यात नियमांच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण देतात, विरोधात बोलणारेही हेच देतात. मला त्यात शिष्यवृत्तीवर आलेला, चोवीस वर्षांचाही न झालेला मुलगा दिसतो, ज्याला कुठलं दार कधीपर्यंत उघडं आहे हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मागणं एका पानाचं आहे. निवडपत्रासोबत एक पान जोडा. या विद्यार्थ्याच्या नागरिकत्वाला या विभागातल्या कोणत्या प्रयोगशाळा, कोणती सॉफ्टवेअर आणि कोणते चालू प्रकल्प बंद आहेत, आणि अर्जात लिहिलेला विषय त्यांत येतो का, एवढं त्यावर असू द्या. ते पान विभागाने भरायचं, निर्यात-नियंत्रण कार्यालयाने बघायचं, तुम्ही सहीच्या आधी आमच्या हातात द्यायचं. दर वर्षी नव्याने, कारण नियमही बदलतात: व्यापारी उपग्रह अमेरिकेने १९९९ मध्ये शस्त्रांच्या यादीत टाकले आणि २०१४ मध्ये त्यांतले बरेचसे पुन्हा बाहेर काढले. आणि परवान्याच्या वाटेत विद्यार्थ्याचे जेवढे आठवडे जातील, तेवढे शिष्यवृत्तीत वाढवून द्या. पान वाचून कुणी नाही म्हटलं, तर त्याची जागा पुढच्याला मिळेल. मी हो म्हटलं असतं. विषय बदलून, पण हो म्हटलं असतं.

असं पान तयार करणं अवघड नाही, कारण ते तयार आहे. माझ्या दुसऱ्या महिन्यात एका सीनियर मुलीने मला वापरलेल्या प्रिंटआउटच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेली यादी दिली होती: कुठल्या मार्गदर्शकाकडे जाऊन उपयोग नाही, कुठल्या खोलीला कार्ड चालत नाही, कोण खुलं काम करतं. तिला ती तिच्या आधीच्या मुलाने दिली होती. खाडाखोड तीन वेगवेगळ्या अक्षरांत आहे. मी त्यात चौथ्या अक्षरात भर घातली आणि निघताना एक प्रत नव्या मुलाला दिली. मूळ कागद माझ्याकडे आहे. या वर्षीची निवडपत्रं निघायला अजून वेळ आहे. हवा असेल तर कळवा, स्कॅन करून त्याच दिवशी पाठवते.

आपली नम्र,
एक माजी शिष्यवृत्तीधारक